शेजारी देशाचे अडवलेले सरकारी पैसे परत करायला इतकी वर्षं का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "रशियाचे पैसे युरोपात गोठवलेत हे रोज वाचतो. पण सख्ख्या शेजारी देशांचं काय? एकाने दुसऱ्याचे सरकारी पैसे किंवा सोनं अडवलं, पुढे भांडण निवळलं, तर परत द्यायला इतकी वर्षं का जातात? आकडा माहीत, बँक माहीत, मग सही करून ट्रान्सफर का करत नाहीत? आणि आपले ते पाकिस्तानचे 55 कोटी याच प्रकारात बसतात का?"

शेवटचं आधी सांगतो. हो, बसतात, आणि चांगलेच बसतात. आपल्याकडे 55 कोटी म्हटलं की लगेच गांधी, पटेल, कोण बरोबर कोण चूक असा वाद सुरू होतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा झालेला बघितलाय मी. पण व्यवहार म्हणून त्याकडे कोणी बघतच नाही, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी बँकेत परदेशी खात्यांच्या बाजूला होतो आणि रिटायर व्हायच्या आधी काही वर्षं सरकारी येण्या-देण्याच्या बोलण्यांमध्ये आकडे बघणारा माणूस म्हणून बसलोय. टेबलावर बोलणारे राजदूत वेगळे आणि मागच्या खुर्चीत मांडीवर फाईल घेऊन बसणारे वेगळे, मी मागच्या खुर्चीतला. त्यामुळे राजकारण कोणाचं बरोबर ते माझ्याकडून ऐकू नका, पैसा कुठे अडकतो ते सांगू शकतो.

तुम्ही म्हणताय आकडा ठरलेला असतो. बऱ्याचदा नसतो, पण समजा आहे. तरी बोलणी अडतात ती एका वेगळ्याच गोष्टीवर, ती म्हणजे परत देताना मी नक्की काय कबूल करतोय. पैसे तुझे होते आणि मी बेकायदा अडवले हे कबूल करतोय का? तू पूर्वीच्या सरकारचा खरा वारस आहेस हे कबूल करतोय का? की कबूल काहीच नाही, फक्त मोठं मन दाखवतोय? रक्कम तीच, बँक तीच, पण या तीन पावत्या वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचे पुढचे परिणाम वेगळे. भावकीत वाटणी झालेली ज्याने जवळून बघितली असेल त्याला हे लगेच कळेल, बैल द्यायला माणूस तयार असतो पण "बैल तुझाच होता" असं पाच माणसांत म्हणायला तयार नसतो.

आता 55 कोटी. फाळणीच्या वेळी अखंड हिंदुस्थान सरकारची जी रोख शिल्लक होती त्यातला पाकिस्तानचा हिस्सा 75 कोटी रुपये ठरला. त्यातले 20 कोटी ऑगस्ट 1947 मध्येच हातखर्चाला म्हणून दिले होते, राहिले 55. हा आकडा काही हवेतून आलेला नाही, दोन्ही बाजूंचे अधिकारी महिनोन्महिने बसले होते, आपल्याकडून सनदी अधिकारी एच. एम. पटेल (सरदार पटेल नव्हेत) आणि त्यांच्याकडून चौधरी मुहम्मद अली ही मुख्य जोडी, आणि डिसेंबर 1947 मध्ये करार झाला. म्हणजे आकडा ठरला, सह्या झाल्या. तुमच्या हिशेबाने इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण तोपर्यंत काश्मीरमध्ये लढाई पेटलेली. भारत सरकारचं म्हणणं पडलं की करार मान्य आहे पण अंमलबजावणी काश्मीरच्या प्रश्नाबरोबर, कारण आज पैसे दिले तर उद्या त्याच पैशाच्या गोळ्या आपल्याच जवानांवर येणार. पाकिस्तानचं म्हणणं की हा आमचा ठरलेला वाटा, यात काश्मीर कुठून आलं. आता इथे एक गोष्ट नीट बघा. हे पैसे कुठल्या ट्रंकेत किंवा तिजोरीत ठेवलेले नव्हते. रिझर्व्ह बँक तेव्हा दोन्ही देशांची एकच होती, मुंबईत, गव्हर्नर आपले सी. डी. देशमुख. एकाच बँकेत दोन सरकारांची खाती, आणि व्यवहार म्हणजे भारताच्या खात्यातून पाकिस्तानच्या खात्यात एक नोंद. गोठवणं म्हणजे ती नोंद न करणं, बस. कुलूप नाही, पोलीस नाही, कोर्टाचा हुकूम नाही. एक ओळ लिहायची नाही. लोकांना गोठवणं म्हणजे काहीतरी मोठी कारवाई वाटते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते असं गप्प बसणं असतं. आणि देशमुखांची जागा किती अवघड होती बघा, दोन गिऱ्हाईकं, दोघांचं भांडण, आणि एक गिऱ्हाईक घरचं.

13 जानेवारी 1948 ला गांधीजींचं उपोषण सुरू झालं, 15 तारखेला सरकारने रक्कम सोडायचं ठरवलं. उपोषण त्या पैशांसाठी होतं की दिल्लीतल्या दंगलींसाठी यावर वाद चालतच राहील, मी त्यात पडत नाही. माझ्या कामाची गोष्ट आहे त्या दिवशीच्या सरकारी निवेदनात. त्यात सरकारने असं म्हटलं की उपपंतप्रधान पटेल आणि अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी जी बाजू मांडली तिच्याशी आम्ही ठाम आहोत, आणि तरीही सद्भावना म्हणून, गांधीजींच्या प्रयत्नाला हातभार म्हणून रक्कम देतोय. समजलं का काय केलं ते? पैसे दिले पण मुद्दा दिला नाही. आमचं अडवणं चूक होतं असं एक अक्षर नाही. आमच्या धंद्यात याला विदाऊट प्रेज्युडिस म्हणतात, आपला हक्क आणि आपलं म्हणणं अबाधित ठेवून. अशी वाक्यं लिहायला किती वेळ लागतो ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. इथे दोन दिवसांत झालं कारण वर उपोषण चालू होतं. एरवी त्याला दोन वर्षंही लागतात.

आता गंमत पुढे आहे. 55 कोटींचा गाजावाजा झाला, पण बाकीचं येणं-देणं? ते आजही तसंच आहे, आणि दोघांच्या वहीत आहे. स्टेट बँक ऑफ पाकिस्तान 1 जुलै 1948 ला सुरू झाली, त्यांचा ताळेबंद काढून बघा, त्यात रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाकडे असलेली मालमत्ता म्हणून एक नोंद अजून दिसते. पाकिस्तानात चलनातून काढून घेतलेल्या भारतीय नोटांपोटी जो वाटा यायला हवा होता असं त्यांचं म्हणणं आहे तो, त्यात सोनंही धरलंय. आणि आपल्या केंद्र सरकारच्या बजेटची जाड पुस्तकं कधी चाळली तर देण्यांच्या तक्त्यात एक ओळ सापडेल, फाळणीपूर्व कर्जातला पाकिस्तानकडून येणं असलेला हिस्सा, अंदाजे 300 कोटी. मी पहिल्यांदा ती ओळ बघितली तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे, मग आधीच्या वर्षाचं पुस्तक काढलं, त्यातही तीच, त्याच्या आधीच्या वर्षीही तीच.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. त्यांच्या दाव्यात सोनं आहे, सोन्याचा भाव वाढला की त्यांच्या वहीतला आकडा आपोआप फुगतो. आपला दावा रुपयात आहे, 300 कोटी म्हणजे 300 कोटी, तेव्हाही तेवढेच आणि आताही तेवढेच, ज्या 300 कोटीत त्या काळी धरणं बांधून झाली असती त्यात आज मुंबईत चार टॉवरही नीट होणार नाहीत. मग उद्या कोणी शहाणा म्हणाला की चला वळतं करून टाकू, तुमचं आमच्याकडे आणि आमचं तुमच्याकडे वजा करू, तर कुठल्या तारखेच्या भावाने? 1948 च्या भावाने केलं तर एकजण खूश, आजच्या भावाने केलं तर दुसरा. म्हणून कोणी विषयच काढत नाही, नोंद ठेवतात आणि पुढच्या वर्षी परत छापतात. नोंद काढून टाकली तर हक्क सोडला असा अर्थ होतो, म्हणून ती काढतही नाहीत.

तारखेवरून आठवलं. मी ज्या बैठकांना बसलो त्यातली एक, देश कुठले ते जाऊ दे, रक्कम तशी किरकोळ होती, एखाद्या मोठ्या कंपनीच्या तिमाही नफ्याएवढीही नाही. दोन्हीकडे याद्या होत्या. आमच्या यादीत 41 बाबी, त्यांच्या यादीत 38, आणि दोन्हीत जुळणाऱ्या फक्त 17. पहिला दिवस सगळा याद्या जुळवण्यात गेला, एका डेपोची मशिनरी त्यांनी एक बाब धरलेली, आम्ही सुटी करून तीन. दुसऱ्या दिवशी कटऑफ तारीख, म्हणजे कुठल्या तारखेच्या भावाने हिशेब धरायचा ते. आम्ही म्हणत होतो ताबा घेतला ती तारीख, ते म्हणत होते बोलणी सुरू झाली ती तारीख, मधल्या काळात त्यांचं चलन आपटलेलं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर त्यांचा एक वयस्कर अकाउंट्सचा माणूस माझ्याकडे आला, चहा घेऊन, आणि म्हणाला की आपण दोघं असतो तर काल संध्याकाळीच उरकलं असतं. खरं होतं ते. मिनिट्समध्ये "परतफेड" शब्द लिहायचा की "हस्तांतरण" यावर पुढचे चार तास गेले, कारण परतफेड म्हटलं की आधी कर्ज होतं असं होतं, आणि कर्ज होतं म्हटलं की व्याज आलं. शेवटी "समायोजन" लिहिलं, ज्याचा अर्थ दोघांनीही आपापल्या राजधानीत आपापला लावला. ती फाईल माझ्या रिटायरमेंटपर्यंत बंद झाली नव्हती.

मालकी कोणाची हा प्रश्न जिथे असतो तिथे तर काळच थांबतो. निजामाच्या लंडनमधल्या पैशांचं प्रकरण घ्या. सप्टेंबर 1948, हैदराबादवर पोलीस ॲक्शन चालू, मराठवाड्यातल्या मंडळींना हा काळ वेगळा सांगायला नको. त्याच दिवसांत निजामाच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतले 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे तिथले हायकमिशनर हबीब रहीमतुल्ला यांच्या नावावर वळवले. हे रहीमतुल्ला मूळचे मुंबईचे, हा आपला एक योगायोग. काही दिवसांतच निजामाने बँकेला कळवलं की माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत द्या. बँकेने हात वर केले, दोन्ही पार्ट्या सहमत असतील तरच देऊ. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं आणि 1957 मध्ये तिथे ठरलं की पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र आहे, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला या कोर्टात खेचता येत नाही. झालं, पैसे गोठले. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, खातं तसंच राहिलं आणि व्याज चढत राहिलं.

मधल्या काळात बोलणी झाली नाहीत असं नाही. 2008 मध्ये आपल्या केंद्र सरकारने पाकिस्तान आणि निजामाचे वारस यांच्याशी कोर्टाबाहेर तडजोडीला मंजुरीसुद्धा दिली होती, पण जमलं नाही. माझा अंदाज, जमणारच नव्हतं, कारण तिथे टक्केवारी ठरवायची म्हणजे 1948 साली हैदराबादचा मालक कोण या प्रश्नाला टक्केवारी लावायची, ते दिल्लीला परवडणारं नव्हतं आणि इस्लामाबादलाही. कोंडी फुटली ती 2013 मध्ये, पाकिस्तानने स्वतःच त्या पैशांसाठी बँकेवर दावा लावला तेव्हा. दावा लावला म्हणजे कोर्ट मान्य केलं, म्हणजे 1957 ची ढाल आपल्याच हाताने खाली ठेवली. मग दुसऱ्या बाजूने भारत आणि निजामाचे नातू एकत्र आले, त्यांनी आपसातला वाद आधी मिटवून घेतला, हे फार हुशारीचं काम झालं, आणि 2 ऑक्टोबर 2019 ला लंडनच्या हायकोर्टाने पाकिस्तानचा दावा फेटाळला. तोवर दहा लाख पौंडांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. 71 वर्षं. हिशेब केला तर साधारण पाच टक्के चक्रवाढ पडतं, वाईट नाही, पण ज्याचे पैसे होते तो निजाम 1967 मध्येच गेला.

याच्या उलट उदाहरण युगोस्लाव्हियाचं. 1991-92 मध्ये देश फुटला, परदेशात सोनं, डॉलर, वकिलातींच्या इमारती, आणि वारस पाच. त्यातला बेलग्रेड, म्हणजे सर्बिया-माँटेनिग्रोचं सरकार, म्हणत होता की मी म्हणजेच जुना देश, बाकीचे सोडून गेले, तेव्हा सगळं माझं. या एका वाक्यावर जवळजवळ नऊ वर्षं गेली. टक्केवारीवर पण भांडण होतंच, पण खरा दगड हाच. ऑक्टोबर 2000 मध्ये बेलग्रेडचे राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच सत्तेवरून गेले, नव्या सरकारने आपण पाचातले एक आहोत हे मानलं आणि नव्याने संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं, आणि बघा, 29 जून 2001 ला व्हिएन्नात सह्या झाल्यासुद्धा. परदेशातल्या आर्थिक मालमत्तेची वाटणी सर्बिया-माँटेनिग्रो 38 टक्के, क्रोएशिया 23, स्लोव्हेनिया 16, बोस्निया साडेपंधरा, मॅसेडोनिया साडेसात. नऊ वर्षं अडलेलं नऊ महिन्यांत. अर्थात सगळं सुटलं नाही, स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथल्या बँकेत क्रोएशिया-बोस्नियातल्या साध्या लोकांच्या ठेवी अडकल्या होत्या त्यांचा निकाल युरोपच्या मानवाधिकार कोर्टातून यायला 2014 उजाडलं. सरकारांचं आधी मिटतं, माणसांचं नंतर, हे सगळीकडे सारखंच.

आता कुठे लवकर सुटतं आणि कुठे वर्षं जातात हे कशावर अवलंबून, ते तुम्हाला विचारावंसं वाटेल. पहिलं म्हणजे पैसा आहे कोणाच्या हातात. शेजाऱ्याच्याच हातात असेल तर निर्णय राजकीय, एका रात्रीत होऊ शकतो, 55 कोटींसारखा. तिसऱ्या देशातल्या बँकेत असेल तर ती बँक स्वतःची कातडी वाचवणार, तिला कोर्टाचा कागद हवा, तुमची मैत्री झाली की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरं, भरवसा. एकमेकांवर शून्य विश्वास असेल तर मध्ये कोणीतरी लागतो. 1981 मध्ये इराण आणि अमेरिकेचं जमलं ते अल्जेरिया मध्ये होता म्हणून, पैसे बँक ऑफ इंग्लंडमधल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पुरी होईपर्यंत तिसऱ्याकडे ठेवलेल्या खात्यात, आणि इराणने धरलेले 52 अमेरिकी ओलीस तेहरानच्या विमानतळावर, दोन्ही गोष्टी एकमेकींवर नजर ठेवून हलल्या. ते दोन देश शेजारी नाहीत हे मान्य, पण पद्धत तीच वापरली जाते. तिसरं, कोण हरलंय. इराक 1991 मध्ये हरला होता म्हणून कुवेतमधून नेलेलं सोनं त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांमार्फत परत गेलं, घासाघीस करायची सोयच नव्हती, आणि नुकसानभरपाई तेलाच्या पैशातून कापून घेतली गेली ती 2022 पर्यंत, एकूण 52.4 अब्ज डॉलर. बरोबरीच्या दोन शेजाऱ्यांमध्ये असं कधीच होत नाही.

आणि चौथं, कायद्याचं कलम असणं म्हणजे काम होणं नव्हे. 1965 च्या युद्धानंतर भारत-पाकिस्तानात झालेल्या ताश्कंद करारात, 10 जानेवारी 1966, स्पष्ट लिहिलंय की युद्धाच्या वेळी एकमेकांनी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबद्दल चर्चा करू. शब्द नीट वाचा, परत करू असं नाही, परत करण्याबद्दल चर्चा करू. भारताचं म्हणणं आहे की पाकिस्तानने त्यांच्याकडची असली मालमत्ता 1971 मध्येच विकून टाकली. आपल्याकडे 1968 चा शत्रू संपत्ती कायदा आला आणि अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या कस्टोडियनचं ऑफिस वर्षानुवर्षं आपल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये होतं, मी त्या बाजूला जेवायला जायचो तेव्हा तो बोर्ड दिसायचा. ही बहुतेक खाजगी लोकांची मालमत्ता, सरकारी नव्हे, म्हणून तुमच्या प्रश्नात थेट बसत नाही, पण वस्तू एकदा विकली की परत काय करणार, उरतो फक्त आकडा, आणि आकड्याचं काय होतं ते वर बघितलंच.

थोडक्यात परत सांगायचं तर सही करून ट्रान्सफर का करत नाहीत, तर सही कशावर करायची तेच ठरलेलं नसतं. पावतीवरचे शब्द, भावाची तारीख, आणि समोरचा कोणत्या नात्याने पैसे घेतोय, ही तीन कुलपं. राजकीय इच्छा असली तर पहिलं दोन दिवसांत उघडतं. दुसरं आमच्यासारखे लोक उघडतात, रडतखडत का होईना. तिसरं बहुतेक वेळा सरकार बदलल्याशिवाय उघडत नाही.

तुम्हाला चालू उदाहरण बघायचं असेल तर बांगलादेश-पाकिस्तान बघत राहा. 1971 च्या आधीच्या एकत्र मालमत्तेतला वाटा बांगलादेश मागतोय, पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान भुट्टो जून 1974 मध्ये ढाक्याला गेले तेव्हाही हाच विषय होता आणि तेव्हाही फिसकटला. एप्रिल 2025 मध्ये पंधरा वर्षांनी दोघांच्या परराष्ट्र सचिवांची ढाक्यात बैठक झाली, बांगलादेशने 4.52 अब्ज डॉलरचा आकडा टेबलावर ठेवला, त्यात 1970 च्या चक्रीवादळासाठी परदेशांतून आलेली 20 कोटी डॉलरची मदतही धरलेली. बैठकीनंतर ढाक्याने पत्रकारांना हे सांगितलं. इस्लामाबादच्या निवेदनात या पैशांचा उल्लेखच नव्हता. म्हणजे अजून दोन याद्या शेजारी ठेवून 17 बाबी जुळतात का हे बघायचा पहिला दिवससुद्धा उजाडलेला नाही.